साबुदाण्याच्या डब्यातली बाटली

ताई,

मी ५६ वर्षांची गृहिणी. आम्ही सिंहगड रस्त्याला राहतो. मुलगा २७ वर्षांचा, हिंजवडीला नोकरीला. मागच्या शनिवारी त्याच्या कपाटाला नवे कागद घालायला घेतले, तर स्वेटरच्या घडीखाली एक पांढरी बाटली. वर लांबलचक नावं, टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन. फोटो काढून आमच्या मेडिकलवाल्याला दाखवला. कोणाची ते सांगितलं नाही. तो हळूच म्हणाला, "काकू, ही एचआयव्हीवरची गोळी आहे." घरापर्यंत कशी आले ते माझं मला माहीत.

तेव्हापासून तो घराबाहेर पडला की मी गोळ्या मोजते. शनिवारी २१ होत्या, रविवारी २०, मग १९, १८, १७, १६. गुरुवारी राहवेना. बाटली उचलली आणि साबुदाण्याच्या डब्यात तळाशी घालून ठेवली. का, ते विचारू नका. त्या रात्री त्याने सगळं कपाट उपसलं, गादी उचलून पाहिली. "आई, माझ्या कपाटातलं काही हलवलंस का?" मी नाही म्हणाले. आज रविवार.

त्याची ताट-वाटी वेगळी केली आहे. त्याला कळू नये म्हणून बारशात आलेला त्याच्या नावाचा स्टीलचा पेला माळ्यावरून काढला, पाणी त्यातच देते. तो खूश झाला, म्हणाला, हा कुठे सापडला! मुलीला सातवा महिना आहे, पुढच्या महिन्यात ती बाळंतपणाला यायची आहे. तिला येऊ नको म्हणू का? यांना बीपी आहे, त्यांना काही बोललेले नाही. या गोळीने किडन्या जातात असंही वाचलं. आणि एक, लिहायला हात धजत नाही. आमचा मुलगा 'तसला' आहे का?

एक आई

*

ताई,

तुमची मेल रविवारी रात्री वाचली आणि लगेच दोन ओळी पाठवल्या होत्या: बाटली आत्ताच्या आत्ता त्याच्या हातात द्या, बाकीचं सावकाश लिहिते. हे ते सावकाश लिहिलेलं. छापायला तुम्ही होकार दिलात, ओळख पटेल असे एक-दोन तपशील बदलले आहेत. साबुदाणा तेवढा बदलला नाही.

तुमचा मेडिकलवाला खोटं बोलला नाही, पण अर्धंच बोलला. टेनोफोविर आणि एमट्रिसिटाबिन ही दोन औषधं एचआयव्हीच्या उपचारात वापरतात, हे खरं. पण उपचारात सहसा दोन औषधांवर भागत नाही, जोडीला तिसरं लागतं. सरकारी एआरटी सेंटरमध्ये, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रात, आज बहुतेक मोठ्या माणसांना जी एकच गोळी मिळते तिच्यात टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर अशी तीन औषधं असतात. नुसत्या दोन औषधांची, रोज एक घ्यायची गोळी जेव्हा एखाद्या तरुण मुलाच्या कपाटात सापडते, तेव्हा ती बहुधा एचआयव्ही झाला म्हणून घेतलेली नसते. होऊ नये म्हणून घेतलेली असते. तिला 'प्रेप' म्हणतात. अमेरिकेत तिला २०१२ मध्ये परवानगी मिळाली, जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये, ज्यांना ज्यांना संसर्गाचा मोठा धोका आहे त्या सगळ्यांना ती द्यावी असं सांगितलं.

कोकणात कोणी नातेवाईक असतील तर त्यांना विचारा. सिंधुदुर्गाकडे लेप्टोच्या तापाची साथ असते तेव्हा भातलावणीला चिखलात उतरणाऱ्यांना डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या देतात. लेप्टो झाल्यावरही तेच औषध चालतं. म्हणून गोळी खाऊन शेतात उतरलेल्या माणसाला लेप्टो झालाय असं कोणी म्हणत नाही. एचआयव्हीचं नाव आलं की मात्र आपण सगळेच डब्यात काहीतरी लपवायला धावतो.

बाटलीवरून मी शंभर टक्के खात्री देणार नाही. तिसरं औषध दुसऱ्या बाटलीत असू शकतं आणि ते तुम्हाला सापडलं नसेल. खरं काय ते तोच सांगेल. पण दोन्हीपैकी काहीही असलं तरी बाटली डब्यातून काढायची घाई तेवढीच.

आता घाई कशासाठी ते सांगते. एचआयव्हीचा विषाणू रक्तातल्या विशिष्ट पेशींत शिरतो आणि तिथे स्वतःच्या नकला काढायला बसतो. ही दोन औषधं त्या पेशींत आधीच हजर असली, तर नक्कल उतरवण्याचं काम पहिल्याच पायरीला अडतं. विषाणू आत आला तरी त्याला बस्तान बसवता येत नाही, आणि थोड्या वेळाने तो संपतो. पण 'आधीच हजर' हीच अट आहे. रोज गोळी घ्यायला लागल्यावर शरीराच्या काही भागांत पुरेसं औषध साठायला साधारण ७ दिवस लागतात, काही ठिकाणी २१. गोळी थांबली की साठा उतरायला लागतो. एखादा दिवस चुकला तर आभाळ कोसळत नाही, आठवेल तेव्हा घ्यायची, दोन एकदम घ्यायच्या नाहीत. तुम्ही मेल लिहिलीत तोवरच गुरुवार, शुक्रवार, शनिवार अशा तीन रात्री गेल्या होत्या, आणि रविवारही गेला. त्याने दुसरी बाटली आणली असेल तर उत्तम. नसेल तर त्याने डॉक्टरांना फोन करून चुकलेले सगळे दिवस सांगायला हवेत. या दिवसांत काही धोक्याचा प्रसंग घडला असेल, तर ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायचं वेगळं औषध असतं. ते लागेल की नाही हे डॉक्टर ठरवतील. तुम्ही त्याला विचारायचं नाही. तुम्ही फक्त बाटली द्यायची.

नियमितपणे घेतली तर शरीरसंबंधातून होणारा संसर्ग ही गोळी जवळजवळ ९९ टक्के टाळते. 'नियमितपणे' या शब्दावर मी आयुष्याची बारा वर्षं काढली आहेत, म्हणून त्याबद्दल जरा जास्त लिहिणार आहे. कंटाळलात तर पुढचे तीन परिच्छेद सोडून द्या.

या गोळीचा पहिला मोठा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. सहा देशांतले २,४९९ लोक. ज्यांना गोळी दिली त्यांच्यात संसर्ग ४४ टक्के कमी. हा आकडा ऐकून तेव्हा बऱ्याच जणांनी नाक मुरडलं, एवढंच? मग रक्त तपासलं. गोळ्या घेतो, घेतो, असं बहुतेकांनी सांगितलं होतं, पण संसर्ग न झालेल्यांतल्या निम्म्यांच्याच रक्तात औषध सापडलं, आणि ज्यांना संसर्ग झाला त्यांच्यापैकी फक्त ९ टक्क्यांच्या. म्हणजे गोळी हरली नव्हती, ती पोटात गेलीच नव्हती. पुढे दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिंबाब्वेत ५ हजारांवर बायकांचा अभ्यास झाला, त्यात तर गोळीचा फायदाच दिसेना. तिथे तीनपैकी एकीच्याही रक्तात धड औषध नव्हतं. का घेतल्या नाहीत म्हणून बायकांशी बसून बोलल्यावर जी कारणं बाहेर आली त्यांतलं एक तुम्हाला ओळखीचं वाटेल: या गोळ्या पाहून घरचे म्हणतील, हिला एड्स आहे.

मी समुपदेशक होते तेव्हा उपचारावर असलेल्या बायका यायच्या. मावळातल्या एका बाईंच्या पिशवीत बाटली असायची, पण तिच्यावर लेबल नसायचं. पाण्यात भिजवून नखाने खरवडून काढलेलं. झाकण उघडलं की वर कापूस. मला आधी वाटलं, ओल लागू नये म्हणून. तर त्या म्हणाल्या, "एस्टीत खुळखुळतात ना हो मॅडम. शेजारची विचारते, कसल्या गोळ्या." घरी ती बाटली तांदळात. सासू तांदूळ काढायला गेली की यांच्या पोटात गोळा. एकदा गावाला पाहुणे आले, आठवडाभर तांदळाच्या पिंपाजवळ जायची सोय नव्हती, आठवडाभर औषध बंद. हे सांगताना त्या रडल्या नाहीत. मीच फाइलमध्ये डोकं घालून बसले.

तेव्हापासून माझं एक मत पक्कं झालं आहे. रोजच्या गोळीला पाण्याइतकीच घरात जागा लागते. बीपीची गोळी टीव्हीजवळच्या टोपलीत असते, थायरॉईडची फ्रिजवर. म्हणून त्या घेतल्या जातात. स्वेटरखाली ठेवलेली गोळी कधी ना कधी चुकणारच. आज साबुदाण्यामुळे चुकली, उद्या पाहुण्यांमुळे चुकेल. तुमच्या मुलाने २१ पासून १६ पर्यंत एकही दिवस चुकवला नाही, हे तुम्हीच मोजून दाखवलंत. अशी मोजणी अभ्यासातही करतात. स्वेटरखालून हे जमवणाऱ्या मुलाचं मला कौतुक वाटलं, खरंच सांगते.

आता बाकीचे प्रश्न.

ताट-वाटी. एकत्र जेवून, एका पेल्याने पाणी पिऊन, एकाच संडास-बाथरूममुळे, खोकल्यातून, डास चावून, बाळाचा मुका घेऊन एचआयव्ही होत नाही. तुमच्या मुलाला असता तरी झाला नसता. त्यामुळे मुलीला येऊ नको म्हणायचं काही कारण नाही. उलट तिची स्वतःची एचआयव्हीची तपासणी गरोदरपणात होऊनही गेली असेल. आपल्याकडे प्रत्येक गरोदर बाईची करायची असते, आणि त्याने कोणाची अब्रू गेलेली मी पाहिलेली नाही.

किडनी. तुम्ही वाचलंत त्याला आधार आहे, पण ते फुगवून लिहिलेलं असणार. टेनोफोविर किडनीतून बाहेर पडतं आणि थोड्या लोकांत किडनीचं काम जरा मंदावतं. बहुतेकदा औषध थांबवल्यावर ते पूर्वपदावर येतं. म्हणून गोळी सुरू करण्याआधी किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन बघतात आणि मधूनमधून पुन्हा बघतात. किडनी आधीच कमजोर असेल तर ही गोळी देत नाहीत. हाडांची घनताही किंचित उतरते. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणं असतं, ते बहुतेकांचं आपोआप जातं. तुमच्याकडून एवढंच व्हावं: त्याची पाठ दुखली की घरातली डायक्लोफेनॅक वगैरे दुखण्यावरची गोळी स्वतःच्या मनाने चार-चार दिवस देऊ नका, आणि ओळखीच्या वैद्यांनी दिलेली भस्मं 'शक्तीसाठी' दुधातून तर मुळीच नको. दोन्ही किडनीवर येतात. त्याला काय चालेल ते त्याच्या डॉक्टरांना विचारू दे.

याच्याइतकीच महत्त्वाची गोष्ट हिपॅटायटिस बीची, आणि ती नेटवर खाली कुठेतरी बारीक अक्षरात असते. ही औषधं हिपॅटायटिस बीच्या विषाणूलाही दाबून ठेवतात. एखाद्याला तो आजार असेल आणि त्याला कल्पना नसेल, तर गोळी एकदम बंद झाल्यावर यकृताला जोराची सूज येऊ शकते. म्हणून सुरुवातीलाच त्याची तपासणी करतात, आणि नसेल तर लस घ्या म्हणतात. ही गोळी 'एकदम बंद' करायची नाही, त्याचं हेही एक कारण. पुन्हा साबुदाणा आठवला ना?

तर त्याला विचारायचेच असतील तर दोनच प्रश्न विचारा. डॉक्टरांच्या देखरेखीखाली चालू आहे ना? तपासण्या वेळेवर होतात ना? हे दोन मी उगाच निवडले नाहीत. गोळी सुरू करण्याआधी एचआयव्ही नाही याची खात्री करावी लागते, आणि नंतर दर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी. संसर्ग आधीच झालेला असताना कोणी नुसती ही दोन औषधं घेत राहिलं, तर विषाणू त्यांना सरावतो आणि पुढच्या उपचारातली चांगली औषधं निकामी होऊन बसतात. मित्राच्या बाटलीतून किंवा चिठ्ठीशिवाय ऑनलाइन मागवून घेणारी मुलं मला माहीत आहेत. हुशार, इंग्रजीतून सगळं वाचलेली, पण तपासणी राहिलेली. तुमचा मुलगा नीट तपासण्या करत असेल तर त्याच्या तब्येतीची जेवढी पक्की माहिती त्याला आहे, तेवढी तुम्हाला तुमच्या किंवा मला माझ्या तब्येतीची नाही.

ही गोळी फक्त एचआयव्हीपुरती. सिफिलिस, गनोरिया, क्लॅमिडिया या शरीरसंबंधातून होणाऱ्या इतर आजारांना ती अडवत नाही, गर्भ राहणंही टाळत नाही. त्यासाठी कंडोम आहेच. ते त्याला डॉक्टरांनी सांगितलं असेल. तुम्ही सांगायला जाऊ नका, दोघंही लाजून अर्धमेले व्हाल.

पैशांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण आईच्या डोक्यात येतंच. एचआयव्ही झालेल्यांना सरकारी उपचार २००४ पासून मोफत आहेत. न झालेल्यांनी होऊ नये म्हणून घ्यायची ही गोळी मात्र अजून बहुतेकांना खिशातूनच घ्यावी लागते. भारतातल्या कंपन्याच ती बनवतात, म्हणून परवडते तरी. हिंजवडीच्या पगाराला जमतं, बुधवार पेठेत धंदा करणाऱ्या बाईला ते जमवणं अवघड, आणि ते माझ्या डोळ्यांत खुपतं. आता लेनाकापाविर नावाचं इंजेक्शन आलं आहे, वर्षातून दोनदा टोचायचं. २०२४ मध्ये आलेल्या आफ्रिकेतल्या अभ्यासात ते घेतलेल्या २,१३४ मुली-बायकांपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. जून २०२५ मध्ये अमेरिकेने त्याला परवानगी दिली. त्याची स्वस्त आवृत्ती बनवण्याच्या तयारीत हैदराबादच्या दोन कंपन्या आहेत. वर्षात दोन टोचण्या म्हणजे कपाट नको, तांदूळ नको, कापूस नको. मावळातल्या त्या बाईंची मला त्या दिवशी फार आठवण झाली.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, ज्याला हात धजत नव्हता.

बाटलीवरून ते कळत नाही. पुरुषांशी संबंध असणारे पुरुष ही गोळी घेतात. ज्यांचा जोडीदार पॉझिटिव्ह आहे असे स्त्री-पुरुषही घेतात. कदाचित त्याची एखादी मैत्रीण असेल, तिला जन्मापासून एचआयव्ही असेल आणि ती तुमच्याकडे पोहे खाऊनही गेली असेल. अशा जोड्यांबद्दल आपल्या पुण्याने जगाला काही शिकवलं आहे, तेही सांगते. एक जण पॉझिटिव्ह आणि एक निगेटिव्ह अशा जोडप्यांचा नऊ देशांत मोठा अभ्यास झाला, त्यात भोसरीच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेमार्फत पुण्याची जोडपीही होती. पॉझिटिव्ह जोडीदाराला लवकर औषधं सुरू केली तर दुसऱ्याला संसर्ग होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटतं, असं २०११ मध्ये दिसलं. त्यानंतरच्या अभ्यासांनी तर दाखवलं की औषधांनी रक्तातला विषाणू तपासणीत सापडू नये इतका कमी झाला, की शरीरसंबंधातून तो दुसऱ्याला जातच नाही. म्हणजे ती गोळी उद्या उपचाराचीच निघाली, तरी तुमचा मुलगा नोकरी करील, संसार करील, म्हातारा होईल. फक्त औषध घरातून गायब होता कामा नये.

आणि त्याला पुरुष आवडत असतील तर? तर आवडतात. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दोन सज्ञान माणसांनी राजीखुशीने केलेलं प्रेम हा गुन्हा नाही. तुम्हाला न्यायालयाचा निकाल नको आहे, तुम्हाला सूनमुख पाहायचं होतं, हे मला कळतं. त्याचं दुःख होणार असेल तर होऊ दे, ते माझ्याकडे लिहा, बहिणीकडे बोला. पण ते त्याने सांगायच्या आधी तुम्ही त्याच्या तोंडून काढून घेऊ नका. तो स्वतःहून सांगेल तेव्हा तुम्ही ऐकायला जागेवर असलात म्हणजे झालं. आणि 'तसला' हा शब्द घरात नको. मेलमध्ये आला, मी वाचला, इथेच संपला.

बाटली कशी द्यायची, ते तुम्ही दुसऱ्या मेलमध्ये विचारलंत, कारण रविवारी रात्री तुमच्या हातून ते झालं नाही. गुपचूप स्वेटरखाली परत ठेवायचा विचार आहे, असंही लिहिलंत. तसं करू नका. त्याने ते कपाट उपसून पाहिलंय, तो काही खुळा नाही. शिवाय बाटलीला साबुदाण्याचं पीठ लागलेलं असणार. हे बुधवारी सकाळी छापून येईल, आजची रात्र तुमच्या हातात आहे. तुमचे हे बातम्या लावून बसले की त्याच्या खोलीत जा, दार लोटून घ्या, बाटली त्याच्या हातात ठेवा आणि जे झालं ते सांगा: "मी घेतली होती. घाबरले होते. गुरुवारपासून तुझी गोळी माझ्यामुळे चुकली, तर डॉक्टरांना फोन कर." एवढंच. माफी मागितलीत तरी चालेल, रडलात तरी चालेल, पण त्याच्याकडून लगेच खुलासा मागू नका. तो चिडेल. कपाटात हात घातल्याबद्दल चिडायचा त्याला हक्क आहे. चिडून झाल्यावर विचारा, "ही बाटली ठेवायला तुला घरात कुठली जागा सोयीची?" त्याने स्वेटरच म्हटलं तर स्वेटर.

त्याच्या वडिलांना सांगायचं की नाही, हे मुलाने ठरवायचं. बीपीचा प्रश्न नाही, ती माहिती तुमची नाहीच. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानेही एखाद्याची एचआयव्हीबद्दलची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करायला मनाई केली आहे, आणि आई-वडिलांसाठी त्यात खास सवलत लिहिलेली मला आठवत नाही. मेडिकलवाल्याला दाखवलेला तो फोटोही फोनमधून काढून टाका. फॅमिली ग्रुपवर सुप्रभातच्या फुलांच्या जागी भलतंच गेलेलं मी पाहिलंय.

तुम्हाला स्वतःला कोणाशी बोलावंसं वाटलं तर १०९७ हा राष्ट्रीय हेल्पलाइनचा नंबर आहे, पैसे पडत नाहीत, नाव सांगावं लागत नाही, मराठीत बोलता येतं. ससून रुग्णालयात समुपदेशन आणि तपासणी केंद्र आहे. त्याला जायचं असेल तर तो जाईल, तुम्ही रिक्षा बोलावू नका.

राहिली भांडी. वेगळी काढलेली ताट-वाटी आजच्या घासणीत बाकीच्यांत मिसळून टाका. पेला माळ्यावर परत टाकू नका, त्याला तो आवडलाय. मुलीच्या बारशातलाही एखादा असेल तिच्या नावाचा. ती पुढच्या महिन्यात येते आहे, तोही शोधून घासून ठेवा.